सडकेवर न नेण्याची गाडी

जालना स्टेशनकडून मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे जाताना डाव्या हाताला एक पत्र्याची शेड होती. तिथे फकरोद्दीन मिस्त्री बसायचा. इंजिनाचं काम घेऊन कुणी आलं तर तो त्याला मागच्या गल्लीत पाठवून द्यायचा. त्याचं काम इंजिनाच्या मागचं. एक गिअरबॉक्स, आणि दुसरा मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याच्या पोटातला डिफ्रेन्शल. निजामाच्या राज्यात बसच्या कारखान्यात त्यानं पुष्कळ वर्षं हेच केलं होतं. चालत्या गाडीत मागं बसून तो डोळे मिटायचा. गाडी पळताना एक आवाज, ॲक्सिलरेटरचा पाय सोडल्यावर दुसरा. दात कुठं झिजलाय, बेअरिंग कुठं सैल झालंय, हे त्याला त्या आवाजातून कळायचं. कधी चुकायचंही. पण चुकलं की तो स्वतःहून सांगायचा, म्हणून ड्रायव्हर लोक त्याच्याकडे येत.

जर्मनीची लढाई संपली त्या सुमारास त्यानं नोकरी सोडून ही शेड टाकली. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा धाकटा भाऊ कराचीला निघून गेला. फकरोद्दीन आणि त्याची बायको मैमूना राहिले. त्या दिवसांत एका दुपारी काही माणसं रॉकेलचे डबे घेऊन शेडपाशी आली होती. तेव्हा कापसाच्या जिनिंगचे मालक भालचंद्रराव देशमुख तिथे आले, दारात खुर्ची टाकून बसले आणि पान लावायला लागले. बोलले काहीच नाहीत. माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि पांगली. पुढं सगळं शांत झालं, लोक पूर्वीसारखे बोलायला लागले. पण फकरोद्दीन बाजारात हळू आवाजात बोलायचा आणि गर्दी जमलेली दिसली की रस्ता बदलायचा. ही सवय त्याची गेली नाही.

शेजारी नरहर पांचाळाचा लेथ होता. दोघांची आठ-नऊ वर्षांची दोस्ती. फकरोद्दीननं माप सांगायचं, नरहरनं लोखंड कापायचं.

१९५४ च्या दसऱ्यानंतर भालचंद्ररावांचा मुलगा मार्तंड शेडसमोर एक गाडी घेऊन आला. दोन सीटची, उघडी, बुटकी, हिरव्या रंगाची विलायती गाडी. एका जहागीरदारानं हैदराबाद सोडताना ती विकली होती. मार्तंड सत्तावीस वर्षांचा. वकिलीचं शिकून आला होता आणि वकिली करत नव्हता.

"चाचा, शर्यत आहे," तो गाडीतूनच म्हणाला. "माळावरच्या विमानाच्या पट्टीवर. संक्रांतीनंतर. औरंगाबादचा तो सरकारी कामं घेणारा गुत्तेदार न्हाई का, अमेरिकन गाडीवाला, तो येऊन राह्यला. त्याला हरवायचंय."

ती पट्टी युद्धाच्या वेळी विमानं उतरवायला म्हणून केली होती. मुरूम दाबून सपाट केलेली, लांबलचक, आता गवत वाढलेली. दोन्ही टोकांना डांबराची पिंपं ठेवायची, पिंपाला वळसा घालून परत यायचं, असे फेरे.

फकरोद्दीन मार्तंडच्या शेजारी बसला आणि दोघं बदनापूरच्या रस्त्यानं निघाले. परत आल्यावर त्यानं गाडी पुढून-मागून पाहिली. मग म्हणाला, "छोटे मालक, या गाडीनं तुम्हाला दोन्ही गोष्टी मिळायच्या न्हाईत."

"कोणत्या दोन?"

"सरळ पट्टीत पळणं आणि पिंपावरून उठणं. मागच्या गोळ्यात लहान चाक आठ दातांचं हाये, मोठं एक्केचाळीसचं. लहान चाक नऊ दातांचं टाकलं तर सरळीत पळंल, पण पिंपावरून उठताना बैलासारखी उठंल. आठवर ठेवलं तर उठंल चांगली, पण पट्टी संपायच्या आधी इंजिन वरडायला लागंल."

"अमेरिकन गाडी सरळीत आपल्याला खाऊन टाकील," मार्तंड म्हणाला. "नऊ टाका."

"आधी पट्टी पाहू."

ते पट्टी पाहायला गेले. फकरोद्दीन एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, वाकून मुरूम हातात घेऊन पाहिला. वर आभाळ पांढरं पडलं होतं, आजूबाजूला कापसाची रिकामी शेतं. एकही झाड नव्हतं. तो माळ त्याला आवडला नाही, आणि का आवडला नाही ते सांगता आलं नसतं. त्यानं दोन्ही चाकं लावून पाहिली. आठवडाभर नऊ दात, मग पुन्हा आठ. मार्तंड गाडी पळवायचा आणि फकरोद्दीन पट्टीच्या कडेला उभा राहून इंजिनाचा आवाज जिथं चढायचा थांबतो तिथं चुन्याची रेघ मारायचा. अखेर आठच बरं असं दोघांच्याही लक्षात आलं. अमेरिकन गाडी जड होती, पिंपापाशी तिला फार आधी ब्रेक मारावा लागला असता. जिंकायचं तर तिथंच जिंकायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये अंतर जास्त होतं, पिंपावरून उठून तिसरा टाकला की गाडी धपापायची. फकरोद्दीननं सांगितलेल्या मापानं नरहरनं तिसऱ्या गिअरची नवी जोडी कापली, ते अंतर कमी झालं.

हे सगळं करताना फकरोद्दीन बदलला होता. एरवी तुटलेल्या लॉऱ्या, गळणारं ऑइल, चिडलेले ड्रायव्हर. कितीतरी वर्षांत कुणी त्याला विचारलं नव्हतं की तुम्हाला काय वाटतं. जेवताना तो भाकरीच्या तुकड्यानं ताटात पट्टी काढून मैमूनाला दाखवायचा. ती म्हणायची, "खाओ जी, ठंडी हो रही." आणि एकदा म्हणाली, "ये गाडी घर में बहुत आ रही आजकल."

एक अडचण उरली होती. पिंपाला वळताना गाडीचं आतलं मागचं चाक हलकं पडायचं आणि मुरमावर जागच्या जागी फिरायचं. मुरूम उडायचा, इंजिनाचं सगळं बळ त्या एका चाकात वाया जायचं. डिफ्रेन्शलचा तो धर्मच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त रस्ता कापावा लागतो, आतल्याला कमी, म्हणून तो दोन्ही चाकांना ज्याचा त्याचा वेग देतो. पण एक चाक मोकळं पडलं की सगळं त्यालाच देऊन बसतो.

मार्तंडनं कुठल्यातरी विलायती मासिकात वाचलं होतं. "चाचा, आतली छोटी चाकं वेल्डिंग करून टाकायची. दोन्ही चाकं एकच होतात. मंग एकटं फिरायचा सवालच न्हाई."

फकरोद्दीननं हातातला पाना खाली ठेवला. "मला म्हाईत हाये ते," तो म्हणाला.

"मंग?"

"हैदराबादला आमच्या कारखान्यात एक लॉरी अशी बांधली होती. चिखलात फसलेल्या बसा ओढायला. चिखलात हत्तीवानी चालायची. एक दिवस अब्बास नावाचा गडी तिला डांबरी सडकेवर घेऊन गेला. उतार होता, खाली वळण. मी मागच्या बसमध्ये होतो. त्यानं स्टेअरिंग पुरं फिरवलं, पुढची चाकं वळलेली मला दिसली, छोटे मालक. वळलेली चाकं घेऊन लॉरी सरळ गेली. मुरमावर चाक घसरतं म्हणून चालून जातं. डांबर चाक धरून ठेवतं. मागची दोन्ही चाकं सारखी फिरतात, ती गाडीला वळू देत न्हाईत."

नरहर लेथ बंद करून ऐकत होता.

"मंग सडकेवर न्यायचीच न्हाई," मार्तंड म्हणाला. "मोंढ्यातल्या कचरूच्या ट्रकवर चढवून माळावर न्यायची, ट्रकवरच परत आणायची. शर्यत झाली की तुम्ही खोलून पहिल्यासारखी करा. वचन देतो."

फकरोद्दीनला नाही म्हणायचं होतं. पण त्याला मार्तंडमध्ये भालचंद्रराव दिसायचे. आणि खरं सांगायचं तर ते वेल्डिंग केल्यावर गाडी पिंपावरून कशी उठते हे त्याला स्वतःलाही पाहायचं होतं. त्यानं वेल्डिंग केलं.

गाडी ट्रकवर चढवायच्या दिवशी मार्तंडची बायको उमा शेडवर आली होती. ती वाटूरची, लग्नाला दोन वर्षं झालेली, बोलायला मोजकी. सगळे दोर बांधण्यात गुंतले असताना ती फकरोद्दीनपाशी आली.

"मिस्त्री, ही गाडी माणसाला मारील का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "माळावर न्हाई, बाईसाहेब. सडकेवर मारील."

तिनं मान हलवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

शर्यतीच्या दिवशी माळावर जत्रा भरावी तशी माणसं आली होती. बैलगाड्या, सायकली, जिनिंगमधले मजूर, शाळेचे मास्तर. उमाचा भाऊ भुजंगराव वाटूरहून जीप घेऊन आला होता. धिप्पाड माणूस, आवाज मोठा. बहिणीच्या सासरी जे काही होईल त्यावर आपली नजर असली पाहिजे असं त्याला वाटायचं. फकरोद्दीनला तो नावानं हाक मारत नसे. "ए मिस्त्री" म्हणायचा.

अमेरिकन गाडी पहिल्या फेऱ्यात कितीतरी पुढं निघून गेली. पिंपापाशी तिचे ब्रेक किंचाळले, ती फताडी होऊन वळली. मागून हिरवी गाडी आली, तिरकी झाली, मागची दोन्ही चाकं एकदम मुरूम फेकत पिंपाला चाटून फिरली आणि बंदुकीतून सुटावी तशी उठली. लोकांनी आरोळी मारली. प्रत्येक पिंपाला तेच. शेवटच्या फेऱ्यात हिरवी गाडी पुढं होती आणि पुढंच राहिली.

नरहर नाचत होता. फकरोद्दीनची नजर मागच्या चाकांवर होती. गाडी पिंपाला वळली तेव्हा ती वळत नव्हती, घसरत होती. बघणाऱ्या कुणालाही तो फरक दिसला नाही.

हार घातले गेले. फोटोवाला आला. पोरं बॉनेटवर चढून बसली. कचरूचा ट्रक फळ्या टाकून उभा होता. मार्तंडनं गळ्यातले हार काढून उमाच्या हातात दिले आणि मोठ्यानं म्हणाला, "ट्रक राहू दे. आम्ही दोघं राजूरला जाऊन येतो, गणपतीच्या पायावर डोकं ठेवून. हिनं नवस बोलून ठेवला होता."

फकरोद्दीन गर्दीतून वाट काढत गेला. "छोटे मालक, वचन दिलंय तुम्ही."

"चाचा, हळू नेतो. बिलकुल हळू."

"नवी डांबरी सडक हाये राजूरची. नाल्यापाशी उतार हाये."

"अहो, आज तरी तोंड गोड करा," मार्तंड हसत म्हणाला आणि कुणीतरी त्याला खांद्यावर उचललं. भुजंगराव मधे आला. "ए मिस्त्री, हो बाजूला. मालकाला शिकवतो का?"

फकरोद्दीन बाजूला झाला. उमा त्याच्याकडे पाहत होती. चारचौघांत नवऱ्याला अडवणं तिला जमलं नसतं, ते त्याला कळत होतं. भालचंद्रराव आले असते तर त्यांच्या पायाशी गेला असता, पण ते घरी आजारी होते.

मग त्यानं ठरवलं. बॉनेटखालचं काही काढून उपयोग नव्हता. तिथं पोरं बसली होती आणि तिथलं सगळं मार्तंडला कळायचं. तो पाना घेऊन मागच्या उजव्या चाकापाशी बसला. या गाडीला चाक हौसिंगवर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी नळीवर, बसलेलं असे, मधला शाफ्ट फक्त त्याला फिरवण्यापुरता. नट सोडले की शाफ्ट तलवारीसारखा बाहेर येतो. कारखान्यात एखादी बस कुणी परस्पर नेऊ नये म्हणून ते हेच करायचे. एक शाफ्ट काढला की गाडी बसली.

नरहरनं त्याला पाहिलं. "फकरूभाई, काय करून राह्यले?"

"गाडी बसवून राह्यलो. उभा राह्य माझ्या पुढं."

नरहर आडवा उभा राहिला. शाफ्ट बाहेर आला. फकरोद्दीननं तो धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळला, भोकात चिंधी कोंबली आणि उठला. त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. आता मार्तंड गाडी सुरू करील, गाडी हलणार नाही, तो चिडेल, शिव्या देईल. देऊ दे.

मार्तंड आणि उमा गाडीत बसले. इंजिन सुरू झालं. गिअर पडला.

गाडी हलली.

फकरोद्दीनला क्षणभर काही कळलं नाही. गाडी लोकांमधून निघाली, सडकेकडे वळली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. साध्या डिफ्रेन्शलमध्ये एक शाफ्ट नसला की सगळं बळ त्या रिकाम्या बाजूला वाहून जातं, म्हणून गाडी बसते. पण हा डिफ्रेन्शल त्यानं स्वतः बांधला होता. आत वाटणी करणारं काही उरलंच नव्हतं. एक शाफ्ट नसला तरी दुसरा फिरणारच. तीस वर्षांच्या सवयीनं हात चालले होते, डोकं चाललंच नव्हतं.

"थांबवा!" तो ओरडला. "गाडी थांबवा कोणीतरी!"

लोक वळले. त्याच्या हातातलं फडकं सुटलं होतं आणि ऑइलनं माखलेला लोखंडी शाफ्ट सगळ्यांना दिसत होता.

"हे काय आहे?" भुजंगराव म्हणाला.

"शाफ्ट. त्यांच्या गाडीचा. मी काढला, गाडी हलू नये म्हणून—"

"गाडी तर गेली." भुजंगरावचा आवाज खाली आला. "माझी बहीण बसलीय तिच्यात. आणि तू गाडीचं हाड काढून हातात घेऊन उभा?"

माणसं जवळ आली. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त मधली जागा कमी होत गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांचा काय भरवसा," आणि दुसऱ्या कुणीतरी ते उचललं. ही शांतता फकरोद्दीनच्या ओळखीची होती. सहा वर्षांपूर्वी शेडसमोर तीच होती.

नरहर त्याच्या दंडाला धरून उभा राहिला. "मी पण होतो काढताना," तो म्हणाला. "काय करायचं ते दोघांचं करा. पण आधी गाडीमागं चला."

कचरूनं ट्रक सुरू केला. भुजंगरावनं दोघांना मागं चढवलं, स्वतः चढला, आणखी आठदहा माणसं चढली. त्याची जीप लोकांच्या गराड्यात अडकली होती. ट्रक माळावरून सडकेला लागला. फकरोद्दीन फळीला टेकून बसला, शाफ्ट मांडीवर. भुजंगराव त्याच्यासमोर उभा होता, एक हात दोराला.

"बहिणीला काही झालं असंल," तो म्हणाला, "तर तू परत जालन्याला येणार न्हाईस."

फकरोद्दीनचं लक्ष शाफ्टवर होतं. तो हिशेब लावत होता. आता गाडी फक्त डाव्या चाकावर चालली होती. दोन चाकांची ओढाताण संपली होती, म्हणजे ती वळेल. पण पाय दाबला की एका बाजूला ओढेल, सोडला की दुसऱ्या. मार्तंडला हे माहीत नाही. मी त्यांना वाचवलं की मारलं? त्यानं डोळे मिटले. ट्रकच्या हौसिंगमधून एकसुरी गुणगुण येत होती आणि तिच्यातून त्याला काहीच उमगत नव्हतं. सडकेच्या दोन्ही बाजूंना तुरीची वाळलेली शेतं मागं जात होती. समोरून एक सायकलवाला आला, त्यानं हात हलवून काहीतरी सांगितलं. ते ट्रकच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

नाल्याचा उतार आला तसं कचरूनं ट्रक हळू केला.

खाली, पुलाच्या तोंडाशी, सरकीच्या पोत्यांनी भरलेली एक बैलगाडी आडवी उभी होती. बैल सोडलेले होते. डांबरावर चाकांचे काळे पट्टे उमटले होते. सडक तिथं डावीकडे वळत होती, आणि पट्टे वळणापेक्षाही जास्त डावीकडे गेले होते. हिरवी गाडी तुरीच्या शेतात नाक खुपसून उभी होती. पुलाचा दगडी कठडा जसाच्या तसा होता.

मार्तंड बांधावर बसला होता, कपाळावरून रक्त येत होतं. उमा आडवी होती, गाडीवानानं तिच्या डोक्याखाली रिकामं पोतं दिलं होतं. तिचा डावा खांदा विचित्र खाली लोंबत होता. पण डोळे उघडे होते.

भुजंगराव उडी मारून तिच्यापाशी गेला. मार्तंड कुणाशी म्हणून नव्हे, नुसताच बोलत होता. "बैलगाडी आडवी आली. मी पाय सोडला. आणि ती वळली... इतकी वळली..." त्यानं फकरोद्दीनकडे पाहिलं आणि थांबला. त्याची नजर शाफ्टवर गेली.

"बघितलं?" भुजंगराव उठला. "ह्यानं शाफ्ट काढला. म्हणून गाडी शेतात गेली. विचारा त्याला!"

ट्रकमधली माणसं खाली उतरली होती. आजूबाजूच्या शेतांतूनही माणसं येत होती. नरहर फकरोद्दीनला चिकटून उभा होता. मार्तंडनं एक शब्द बोलायचा होता. वचनाबद्दल, वेल्डिंगबद्दल, काहीही. तो खाली मातीकडे पाहत राहिला. भालचंद्ररावांच्या मुलानं वचन मोडलं, हे सगळ्यांसमोर सांगणं त्याला जमलं नाही.

"दादा," उमा म्हणाली.

भुजंगराव वळला.

"मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. श्वास घ्यायला तिला त्रास होत होता. "मिस्त्रींना. शाफ्ट काढून ठेवा म्हणून. माझ्या सांगण्यावरून काढला."

"तू? कशाला?"

"मला भ्या वाटत होतं. आता मला दवाखान्यात ने. बोलत नको बसू."

तिच्या त्या शेवटच्या वाक्यानं माणसं हलली. कुणी फळी आणली, कुणी पोती पसरली. कचरूनं ट्रक फिरवला. भुजंगरावला बहिणीवर विश्वास ठेवायचा नव्हता, पण इतक्या माणसांसमोर तिला खोटं पाडणंही शक्य नव्हतं. ट्रक गेला. फकरोद्दीन आणि नरहर पुलाच्या कठड्यापाशी राहिले. फकरोद्दीननं कठड्याला हात लावला. उन्हानं दगड तापला होता. गाडी सरळ आली असती तर इथंच आली असती. पण बांधलेली गाडी खरंच सरळ आली असती का, आणि मार्तंडनं तशी ती किती वेगानं आणली असती, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. दोघं चालत जालन्याकडे निघाले.

गावात दोन तट पडले. एक म्हणायचा मिस्त्रीनं वाचवलं, दुसरा म्हणायचा मिस्त्रीनं घात केला, सुनेनं झाकलं. दुसऱ्या तटाचा आवाज मोठा होता. शेडवरची गिऱ्हाइकं कमी झाली. मार्तंड आला नाही, निरोपही आला नाही. भालचंद्ररावांनी मात्र आजारातून उठल्यावर जिनिंगची जुनी लॉरी पाठवून दिली, तिच्यात काही बिघाड नसताना. फकरोद्दीननं ती खोलली, पुसली, बंद केली आणि परत पाठवली.

चैत्रात एकदा उमा बाजारातून जाताना शेडपाशी थांबली. खांदा वाकडा जुळला होता.

"बाईसाहेब," फकरोद्दीन म्हणाला, "तुम्ही खोटं कामून बोलल्या?"

"खरं समजावून सांगायला तिथं वेळ न्हवता," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "गाडी विकली त्यांनी. परभणीच्या एका कापडवाल्याला. तुम्हाला कळावं म्हणून आले."

"आतलं वेल्डिंग?"

"तसंच असंल. कुणी सांगितलं असंल असं मला वाटत न्हाई."

ती गेल्यावर फकरोद्दीननं हातातलं काम बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं डिफ्रेन्शलची आतली नवी छोटी चाकं, हत्यारं आणि तो शाफ्ट एका पोत्यात भरला आणि परभणीची आगगाडी पकडली. नरहरनं लेथ बंद केला आणि तोही आला.

कापडवाल्यानं दुसरा शाफ्ट कधीच बनवून घेतला होता. गाडी रोज चालत होती. ते त्याच्या घरापाशी पोचले तेव्हा ती कोपऱ्यावरून वळत होती, आणि साध्या पायी चालण्याच्या वेगातही तिचे टायर रडत होते. सीटमागच्या अरुंद जागेत दोन लहान मुली उभ्या होत्या.

"गाडी ठीक आहे माझी," कापडवाला म्हणाला. "मला काही खोलायचं न्हाई. कोण तुम्ही?"

फकरोद्दीननं सांगितलं. त्या माणसाला नीट कळलं नाही, आणि जे कळलं ते आवडलं नाही. तो आत गेला. हे दोघं ओट्यावर बसले. ऊन चढलं. घरातल्या म्हातारीनं पाणी दिलं. दुपार कलल्यावर कापडवाला बाहेर आला, त्यांना तिथंच बसलेलं पाहून ओशाळला आणि म्हणाला, "खोला मंग. पण आजच्या आज बराबर करून द्या."

त्यांनी गोळा उघडला. वेल्डिंगच्या गाठी ऑइलमध्ये काळ्या पडल्या होत्या, तडा कुठंच गेला नव्हता. काम फार चांगलं झालं होतं. फकरोद्दीननं ती जुनी चाकं बाहेर काढली, नरहरनं घणानं त्यांचे दात फोडले. नवी बसवली. कापडवाल्यानं गाडी चालवून पाहिली आणि म्हणाला, "वळायला हलकी झाली खरी. पण आधी कशी घट्ट वाटायची." फकरोद्दीन म्हणाला, "जी." एवढंच.

पुढं पाचेक वर्षं तो शेड चालवत होता. गाडी जास्त पळवायची म्हणून कुणी आलं तर तो काम घेत नसे, कारणही सांगत नसे. भुजंगराव जालन्याला आला की त्याची जीप शेडसमोर थांबायची. इंजिन चालूच. तो जीपमधूनच पाहायचा, मग निघून जायचा. मैमूना म्हणायची, "ये आदमी एक दिन कुछ करेगा." फकरोद्दीन म्हणायचा, "करू दे." पण जीपचा आवाज आला की त्याच्या हातातला पाना थांबायचा.

१९५९ च्या उन्हाळ्यात जीप अशीच येऊन थांबली. फकरोद्दीन ऐकत राहिला. मग उठून उन्हात गेला, पहिल्यांदाच. जीपच्या दारापाशी उभा राहिला.

"भुजंगराव, येताना मागून आवाज आला. मागच्या गोळ्यातल्या पिनियनचं, लहान चाकाचं, बेअरिंग गेलंय. वाटूरपर्यंत नका जाऊ."

भुजंगरावनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रस्त्यावरून हमाल सरकीचं पोतं घेऊन गेले, एक टांगा गेला. मग त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला.

"माझ्यासमोर खोल," तो म्हणाला. "एक नट इकडचा तिकडं झाला तर याद राख."

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि दिवसभर उभाच राहिला. पाणी विचारलं तर मानेनं नको म्हणाला. बेअरिंग निघालं. त्याच्या गोळ्यांचा भुगा झाला होता. फकरोद्दीननं तो तळहातावर घेऊन त्याला दाखवला. भुजंगरावनं बोटानं थोडा उचलला, चोळला, ऑइल लागलेलं बोट बाजूच्या पत्र्याला पुसलं. नवं बेअरिंग बसलं. तो जीपमध्ये चढला, गाडी पुढं-मागं घेतली, ऐकलं, आणि वाटूरच्या रस्त्याला लागला.

त्यानंतर ती जीप शेडसमोर कधी थांबली नाही.